वाडा कोणत्या सालचा, वाचनालय कोणत्या सालचं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळी बहुतेक पत्रं जुन्या वाड्यांबद्दलची आहेत. वाडे मूळचे कुणाच्या तरी राहण्याचे, आता वाचनालयाचे, भजनी मंडळाचे, सभा-बैठकांचे. इतिहासाचे आणि दुरुस्तीचे प्रश्न मुद्दाम वेगळे केलेले नाहीत. भिंत खरवडल्याशिवाय काही तारखा कळत नाहीत आणि कागद पाहिल्याशिवाय भिंतीला हात लावता येत नाही.

प्रश्न : आमच्या गावात इनामदारांच्या वाड्यात सार्वजनिक वाचनालय आहे. पुढच्या वर्षी वाचनालयाची शताब्दी. स्मरणिकेत 'तीनशे वर्षांच्या वाड्यातलं शंभर वर्षांचं वाचनालय' असं छापायचं घाटतंय. आधार म्हणून कागद कुठे मिळतील?
– एक कार्यकर्ता, सातारा जिल्हा

आधी 'तीनशे वर्षांच्या' या शब्दांवर काट मारा. कागद सापडला तर परत लिहिता येतील. वाडा बांधला केव्हा, संस्था निघाली केव्हा आणि संस्था वाड्यात आली केव्हा, या तीन वेगळ्या तारखा आहेत. स्मरणिकांत त्यांची सर्रास सरमिसळ होते, आणि एकदा छापून आलं की पुढची प्रत्येक स्मरणिका तेच उतरवून घेते.

पुण्यातलंच बघा. 'केसरी' निघाला १८८१ साली. गायकवाडांचा नारायण पेठेतला वाडा टिळकांनी घेतला १९०५ साली, आणि वाडा अर्थातच त्याआधीचा. आज सगळेच त्याला केसरीवाडा म्हणतात, त्यामुळे वर्तमानपत्र जणू पहिल्या दिवसापासून तिथूनच निघत होतं असा समज होतो. उलटंही घडतं. पुणे नगर वाचन मंदिराची सुरुवात १८४८ साली लोकहितवादींच्या पुढाकाराने बुधवार वाड्यात झाली. तो वाडा १८७९ च्या आगीत गेला, संस्था मात्र आजही चालू आहे. तुमच्या वाचनालयाची पहिली काही वर्षंही दुसऱ्याच कुणाच्या ओसरीवर गेली असण्याची शक्यता भरपूर आहे. ते आधी तपासा.

शोध आजपासून मागे न्यायचा. थेट पेशवाईत उडी मारली तर हाती काही लागत नाही. सिटी सर्व्हे झालेला असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. त्यावर भोगवटादाराचं नाव, क्षेत्र, सत्ताप्रकार आणि आजवरचे फेरफार तारखेसह असतात. पण खरा मजकूर पत्रिकेत नसतो, तो चौकशी नोंदवहीत असतो. सर्व्हेच्या वेळी अधिकाऱ्याने 'ही जागा तुमच्याकडे कशी आली' हे विचारून घेतलेलं असतं, आणि वडिलोपार्जित, खरेदी, इनाम, वहिवाट यांतलं काय ते तिथे एक-दोन ओळींत नोंदलेलं असतं. पत्रिकेची नक्कल मागणारे पुष्कळ, या नोंदवहीची मागणारे फार थोडे. अर्जात तिचा वेगळा उल्लेख करा. सनद दिली गेली असेल तर तिचीही नक्कल मागा.

गावाचा सिटी सर्व्हे झालेला नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे आकारणीची नोंदवही, बघा. जुन्या वह्या दप्तरात शिल्लक असतील तर कोणत्या साली कराची पावती इनामदारांऐवजी वाचनालयाच्या नावे फाटू लागली हे दिसतं. वाड्यात शिरल्याच्या तारखेचा हा चांगला पुरावा आहे. मालकीचा नाही. कर भरणारा तो मालक असं नसतं, आणि कमिट्यांमधली निम्मी भांडणं याच गैरसमजातून उभी राहतात. अलीकडे स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत, पण त्या आजची स्थिती सांगतात, जुनी नाही.

व्यवहार नोंदवलेला असेल तर दुय्यम निबंधकांकडे सूचीत सापडेल. सूची क्रमांक १ व्यक्तींच्या नावांनी लागलेली असते, क्रमांक २ मिळकतीप्रमाणे. साल अंदाजे माहीत असेल तर आधीची पाच आणि नंतरची पाच वर्षं चाळा. नुसतं 'शोध घ्या' म्हटलं तर कुणी घेत नाही.

धर्मादाय कार्यालयात संस्थेचा परिशिष्ट १ चा, म्हणजे न्यासाच्या नोंदणीचा, उतारा मिळतो. त्याच्यासोबत नोंदणीच्या वेळचा मूळ अर्जही मागा. सार्वजनिक न्यासांचा कायदा १९५० सालचा. त्यानंतर जुन्या संस्थांनी जे अर्ज केले त्यांत स्थापनेचं साल, पहिले विश्वस्त, स्थावर मिळकत आणि ती कशी मिळाली हे लिहावं लागे. शंभर वर्षांच्या वाचनालयासाठी तो अर्ज म्हणजे संस्थेच्या तिशीच्या आतबाहेरचा कागद. तेव्हा संस्थापकांपैकी कुणीतरी हयात असणार, त्यामुळे तो विश्वासार्ह धरता येतो.

आता घरचे कागद. पहिली दाखल नोंदवही म्हणजे आलेल्या पुस्तकांची यादी, इतिवृत्तं, वर्गणीच्या पावत्या. दाखल नोंदवही नसेल तर सर्वांत जुन्या शंभरेक पुस्तकांची मुखपृष्ठाआतली पानं बघा. वाचनालयाचा शिक्का काळानुसार बदलतो. एका शिक्क्यावर गल्लीचं नाव असतं, पुढच्यावर 'इनामदार वाडा' येतं. दोन शिक्क्यांमधली पुस्तकं कोणत्या साली छापलेली आहेत ते पाहिलं की स्थलांतर दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात येतं. हे काम दोन शनिवारांत होतं, पैसाही लागत नाही आणि तरी कुणी करत नाही.

हे सगळं झाल्यावर पुणे पुराभिलेखागार. पेशवे दप्तर तिथेच आहे. कागद मोडीत आहेत आणि रुमालांत बांधलेले आहेत. रोजकीर्द म्हणजे दररोजचा जमाखर्च, घडणी म्हणजे विषयवार खाती, प्रांत अजमास म्हणजे मुलखाच्या उत्पन्नाचे अंदाज. जाण्यापूर्वी तुमचं गाव तेव्हा कोणत्या परगण्यात किंवा तर्फेत होतं, इनामदारांचं मूळ आडनाव काय आणि इनाम कशाबद्दल होतं, एवढं तरी हाताशी ठेवा. कंपनी सरकारने १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनामांची जी चौकशी केली तिच्या कागदांत इनामदारांनी आपापल्या वंशावळी आणि सनदांच्या नकला दिलेल्या आहेत. बहुतेक घराण्यांच्या बाबतीत तिथेच सर्वाधिक मिळतं. मात्र इनामाची सनद जमिनीची असते. सनद १७५० ची निघाली म्हणून वाडा १७५० चा ठरत नाही.

प्रश्न : दिंडी दरवाजाच्या चौकटीवर 'शके १७२९ प्रभवनाम संवत्सरे माघ शुद्ध ५' असं कोरलेलं आहे. काही जण १८०७ म्हणतात, काही १८०८. आणि एका मोडी कागदावर 'सन सबा सबैन मया व अलफ' असं आहे, त्याचं इंग्रजी साल कसं काढायचं?
– एक शिक्षिका, वाई

१८०८. शकात ७८ मिळवायचे ते चैत्रापासून पौषाच्या साधारण मध्यापर्यंत. त्यानंतर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं पण शक संपलेला नसतो, म्हणून ७९. माघ आणि फाल्गुन कायम ७९ मध्ये येतात. पौषातली तिथी असेल तर पंचांग किंवा जंत्री (तिथी-तारखांचे तक्ते) बघितल्याशिवाय साल छापू नका.

संवत्सर दिलेलं आहे हे तुमचं भाग्य, कारण त्याने ताळा करता येतो. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १७२९ अधिक १२ म्हणजे १७४१, बाकी १, आणि पहिलं संवत्सर प्रभव. जुळलं. शिवराज्याभिषेकाचा शक १५९६ घेतला तर १६०८, बाकी ४८, म्हणजे आनंद, तेही बरोबर. बाकी शून्य आली तर साठावं, क्षय. ताळा जुळला नाही तर बहुधा अंक चुकीचा वाचलेला असतो. चौकटीवर वर्षानुवर्षं तेलरंग चढतो आणि रंगवणारा अक्षरं आपल्या समजुतीने भरतो. अशा वेळी संध्याकाळी दिवे बंद करून बॅटरी चौकटीला जवळजवळ चिकटवून बाजूने प्रकाश टाका आणि फोटो काढा. कोरलेली रेघ सावली टाकते, रंगवलेली टाकत नाही.

मोडी कागदावरचं सुहूर सन आहे, म्हणजे त्या काळच्या दप्तरांतली कालगणना. आकडे अरबी शब्दांत, एककापासून वर वाचायचे. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा हे एक ते नऊ. अशर दहा, पुढे अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन असे वीस ते नव्वद. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. तुमचा आकडा सात, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७७. हे वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. जून ते डिसेंबरमधल्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारी ते मेमधल्याला ६००. म्हणजे तुमचा कागद १७७६-७७ चा. कागदावर 'छ' लिहून पुढे आकडा आणि रमजान, सफर असा महिना असेल तर तो चंद्राप्रमाणे मुसलमानी महिन्याचा दिवस, आणि त्यावरून नेमकी तारीख जंत्रीतून निघते. घोटाळा होतो तो समान आणि समानीन, सीत आणि सितैन यांत. मोडीत शब्द जोडून येतात आणि शेवटचा 'न' शिरोरेषेत हरवतो. बहात्तर वर्षांची चूक तिथेच होते.

आणि एक. चौकटीवरची तारीख चौकटीची. मागचा वाडा आधीचा असू शकतो, चौकट दुसऱ्या पडक्या वाड्यातून आणलेली असू शकते. चौकटीचं लाकूड आणि बाजूचं दगडकाम एकमेकांत नीट बसलेलं आहे की मध्ये फटी बुजवलेल्या आहेत ते पाहा.

प्रश्न : विश्रामबागवाडा हा पेशव्यांचा राहता वाडा, शाळा की सरकारी कचेरी? प्रत्येक जण वेगळं सांगतो.
– एक विद्यार्थी, पुणे

सगळेच खरं सांगतात. दुसऱ्या बाजीरावाने बांधवलेला हा वाडा १८०७ च्या सुमारास पूर्ण झाला. दर्शनी बाजूचे सुरूच्या आकाराचे लाकडी खांब बघायला लोक अजून थांबतात. बाजीरावाला तो लाभला जेमतेम दहा-अकरा वर्षं. १८१८ मध्ये राज्य गेलं आणि १८२१ साली तिथे संस्कृत पाठशाळा उघडली. ती १८५१ साली इंग्रजी शाळेशी जोडली जाऊन पूना कॉलेज झालं, आणि तेच पुढे १८६४ पासून डेक्कन कॉलेज. १८७९ च्या आगीत, बुधवार वाडा जळाला त्याच वेळी, याचाही पूर्वेकडचा भाग जळाला. पुढे विसाव्या शतकात बराच काळ नगरपालिकेच्या कचेऱ्या इथे होत्या. आज टपाल कचेरी आहे आणि 'पुनवडी ते पुण्यनगरी' हे शहराच्या वाटचालीचं प्रदर्शन आहे.

वाड्यांवरचे लेख १८१८ ला येऊन थांबतात, हा मराठीतला जुना दोष. विश्रामबागवाड्याचा पेशवाई संसार दशकभराचा, सार्वजनिक आयुष्य दोनशे वर्षांचं. तुमच्या प्रकल्पात दुसऱ्या भागाला जास्त पानं द्या. तिथे सांगण्यासारखंही जास्त आहे.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या वाड्याचा एकही कागद नाही. नुसत्या इमारतीवरून काळ सांगता येतो का?
– सचिव, एक सांस्कृतिक मंडळ, नगर जिल्हा

'याच्या आधीचं नाही' एवढं सांगता येतं, आणि ते पुष्कळ असतं. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली काढला. कौल उलटं करा, कारखान्याचा शिक्का मागच्या बाजूला असतो. देशावर ही कौलं रेल्वेने आली, पुण्यापर्यंत रेल्वे १८५८ साली पोचली होती. पण छप्पर सगळ्यांत आधी बदलतं, त्यामुळे कौलांवरून छपराचं वय मिळतं, घराचं नाही. तुमच्या भागात मूळ माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, असण्याची शक्यता जास्त. कौलांखालच्या भिंतीच्या माथ्यावर पांढऱ्या मातीचा थर शिल्लक आहे का बघा.

लोखंडी तुळया असतील तर त्यांच्या पोटावर ठळक अक्षरांत कारखान्याचं नाव असतं. 'डॉर्मन लाँग' असेल तर १८७५ नंतरची, 'टाटा' असेल तर १९१२ नंतरची, कारण जमशेदपूरला पोलाद निघालं तेच त्या वर्षी. गोल दांड्याचे, तारेपासून केलेले खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दिसतात. त्याआधीचे घडीव, चौकोनी. विटा पातळ आणि चपट्या असतील तर पेशवाई धाटणी, नऊ-साडेचार-तीन इंचांच्या आसपास असतील तर इंग्रजी अमदानी. एकाच भिंतीत खाली पातळ आणि वर जाड वीट दिसली तर ती सांध्याची रेघ नकाशावर खुणवा, कारण वाडा कुठवर पडला आणि कुठून पुन्हा उचलला ते तिथे कळतं.

नकाशा खणांत काढा. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, साधारण पाच-सहा फूट. सगळे खण सारखे असून एकाच बाजूचे दोन लहान असतील तर ती मागाहूनची जोड. देवडी, चौक, ओसरी, माजघर, बळदं, आड, सगळं दाखवा. पुढे माहिती सांगणारे वयस्कर लोक 'आडाकडच्या सोप्यात' म्हणतील तेव्हा हाच नकाशा कामी येईल.

प्रश्न : वाचनालयाची पुस्तकं वाढली म्हणून माडीवर लोखंडी कपाटं लावली. आता तुळई खाली झुकल्यासारखी वाटते. वाड्याचं सागवान इतकं मजबूत असताना असं का?
– ग्रंथपाल, कोकण

सागवान मजबूतच आहे, पण ती माडी झोपायला बांधलेली होती. भारतीय मानक ८७५, भाग २ मध्ये राहत्या घराच्या मजल्यासाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. सुट्या खुर्च्यांच्या सभागृहाला ५००. पुस्तकांच्या साठ्याच्या खोलीला ६००, आणि तेही मांडणी २.२ मीटर उंच असेल तर. त्यापुढच्या प्रत्येक मीटरला आणखी २००. पुस्तकांनी गच्च भरलेला एक मीटरचा कप्पा २५ ते ४० किलोचा होतो. सहा कप्प्यांचं कपाट दोनशे किलोच्या घरात जातं आणि उभं राहतं एक मीटर लांब, हातभरही खोल नसलेल्या पट्टीवर.

त्यात मजल्याचं स्वतःचं वजन. कड्या म्हणजे तुळयांवरचे लाकडी वासे, त्यावर किलचन म्हणजे लाकडी चिपा, त्यावर माती. दहा सेंटीमीटर मातीच दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर जाते. वरून कुणी फरशी बसवली असेल तर पाच सेंटीमीटर सिमेंट-वाळूचा थर आणि फरशी मिळून आणखी सव्वाशे. लोक कपाटांना दोष देतात, खरा गुन्हेगार बरेचदा ही फरशी असते.

आज करायचं ते हे. पुस्तकं तळमजल्यावर आणा, वाचनकक्ष माडीवर न्या, तोही मोजक्या खुर्च्यांचा. माडीवर जी दोन-चार कपाटं ठेवावीच लागतील ती भिंतीलगत आणि कड्यांना आडवी ठेवा, म्हणजे वजन चार-पाच कड्यांवर वाटलं जातं. कडीला समांतर ठेवलेलं कपाट एकाच कडीच्या मानेवर बसतं. मग तुळईच्या दोन टोकांना दोरी ताणून बांधा आणि मध्ये किती खोल आहे मोजा. चार मीटरच्या गाळ्यात पंधरा-सोळा मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर जुन्या लाकडी बांधकामाची माहिती असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. महिन्याने परत मोजा. जुना बाक आणि वाढता बाक यांत फरक असतो, वाढता असेल तर माडी बंद.

कोकणात मधला बाक दिसतो, पण मोडतं टोक. भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाशी पावसाची ओल मुरते आणि लाकूड आतून भुसभुशीत होतं. स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. सेंटीमीटरभर सहज आत गेला तर टोक कुजलंय. हातोडीने ठोकलं तर चांगलं लाकूड टणक वाजतं, पोकळ बद्द. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर नुसतं झाडून औषध मारू नका, ओल कुठून येते ते आधी शोधा. नव्वद टक्के नाही म्हणणार, पण बहुतेकदा वर एखादं कौल फुटलेलं किंवा पन्हळ तुंबलेली सापडते.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी देणगीतून सगळ्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. आता तीन-चार फुटांपर्यंत पोपडे सुटतात, पांढरा खार येतो. ठेकेदार वॉटरप्रूफ रंग सुचवतो. लावावा का?
– विश्वस्त, सोलापूर जिल्हा

नको. जमिनीतली ओल भिंतीत चढते, हे वाडा बांधणाऱ्यांना माहीत होतं. माती-विटांची भिंत आणि चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडून देतात. सिमेंटने ती वाट बंद केली. पाणी मग आणखी वर चढतं, आणि सोबतचे क्षार गिलाव्याच्या मागे साखळून त्याला ढकलून देतात. वॉटरप्रूफ रंग म्हणजे त्याच बरणीला दुसरं झाकण. तीन फुटांचे पोपडे पाच फुटांवर जातील.

आधी बाहेर जाऊन बघा. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि वाड्याचं जोतं रस्त्याच्या खाली जातं. तसं झालं असेल तर पावसाचं पाणी भिंतीकडे वाहतं. भिंतीपासून बाहेर उतार करून घ्या, पन्हळीचं पाणी जोत्यापासून लांब न्या. हे न करता गिलाव्यावर खर्च करणं व्यर्थ आहे.

मग सिमेंट सगळं काढा. ठोकताना विटा फुटतात म्हणून छोटी छिन्नी, हलका हात. सांधे दीड-दोन सेंटीमीटर खोल उकरा, खार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, धुतला की तो परत आत जातो. भिंत निदान एक उन्हाळा उघडी ठेवा. समितीला हेच पचत नाही, कारण उद्घाटनाची तारीख ठरलेली असते.

कळीचा चुना हौदात पाण्याखाली विरवा, कमीत कमी पंधरा दिवस, महिना झाला तर उत्तम. विरवताना पाणी उकळतं, डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे हवेतच. मग जाळीतून गाळा. एक भाग चुन्याला तीन भाग वाळू आणि सुरखी, म्हणजे विटेची भुकटी, मिळून. सुरखी कमी भाजलेल्या विटेची, जास्त भाजलेली चुन्याशी बांधत नाही. गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी जुने गवंडी घालतात. त्यांच्या हाताला सवय असेल तर घालू द्या, नसेल तर त्यावाचून अडत नाही. मिश्रण चुना मळायच्या घाणीत किंवा मिक्सरमध्ये भरपूर मळलं गेलं पाहिजे. एकेक थर दहा-बारा मिलिमीटरहून जाड नको, पहिला घट्ट झाल्यावर ओरखडे काढून दुसरा. ओलं गोणपाट आठ-दहा दिवस. सोलापूरच्या एप्रिलात हे काम काढू नका, वारा दोन तासांत थर सुकवतो.

आधी एका कोपऱ्यात फूटभर चौकोन करून पंधरा दिवस बघा. बारीक भेगांचं जाळं आलं तर चुना जास्त झाला किंवा लवकर वाळला. बोट फिरवल्यावर भुकटी निघाली तर चुना कमी किंवा पाणी कमी मारलं. महिन्याभराने टिकलीएवढे खड्डे फुटले तर चुन्यात न विरलेले खडे राहिले, गाळणी चुकली. 'मजबुतीला थोडं सिमेंट' कुणी घालायला लागला तर थांबवा. वरून चुन्याची सफेदी, प्लास्टिक रंग नाही.

गिलावा काढाल तेव्हा उघड्या भिंतीचे फोटो प्रत्येक खणाचे घ्या. बुजवलेली कमान, कोनाडा, जुना रंग, सगळं तेव्हाच दिसतं, पुन्हा दिसणार नाही. वरच्या उत्तरातली विटांची सांध्याची रेघही याच वेळी सापडते. वाडा वारसा यादीत किंवा राज्य संरक्षित असेल तर मात्र परवानगीशिवाय छिन्नी लावू नका. श्रेणी कोणती ते महापालिकेच्या वारसा विभागात विचारा.

प्रश्न : आम्ही तिघं भावंडं परदेशात. गावचा वाडा सार्वजनिक कामासाठी द्यायचा आहे. काकांनी स्टँपपेपरवर लिहून दिलं तर चालेल का?
– एक वाचक, अमेरिका

चालणार नाही. स्थावर मिळकतीचं बक्षीसपत्र दोन साक्षीदारांसमोर सह्या होऊन नोंदवलेलंच लागतं. मिळकत सामाईक असेल तर ज्यांचा ज्यांचा हक्क आहे, बहिणींसह, त्या सगळ्यांच्या सह्या हव्यात. काका एकटे अख्खा वाडा देऊ शकत नाहीत. आधी वारसनोंद पूर्ण करा. आजोबांचंच नाव पत्रिकेवर असताना बक्षीसपत्र करायला गेलेले लोक रिकाम्या हातांनी परततात. तुम्ही येऊ शकत नसाल तर कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवा आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्या. ही मुदत पुष्कळांची चुकते.

कुणाला देताय ते नीट ठरवा. 'गावाला' दिला असं कायद्यात काही नसतं, नोंदलेला न्यास, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका असं नाव लागतं. न्यासाला दिला तर त्याने नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायला हवा, नाहीतर मिळकत परिशिष्टावर येतच नाही. 'वाचनालयासाठीच' अशी अट घालता येते. मात्र 'आम्हाला वाटेल तेव्हा परत घेऊ' असं लिहिलं तर ती देणगीच टिकत नाही. वकिलाकडून मसुदा करून घ्या आणि सोबत खोलीवार यादी जोडा : झोपाळ्याच्या कड्या, देव्हारा, कंदील, तांब्या-पितळेची भांडी, पेटारे, त्यांतले कागद. दप्तराचे पेटारे वाड्यासोबत जाणार की घरच्यांकडे राहणार हे न लिहिल्याने ते दोन्हीकडे राहत नाहीत, रद्दीत जातात.

प्रश्न : न्यासाचा वाडा लग्नाला भाड्याने द्यावा का? उत्पन्न हवं आहे.
– खजिनदार, एक वाचनालय

दिवसाच्या भाड्याने सभा, प्रदर्शन, मुंज, साखरपुडा इथवर हरकत नाही, न्यासाच्या उद्देशांत बसत असेल तर. तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा करायचा तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते, सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम ३६. विक्री, अदलाबदल, बक्षीस यांनाही तेच कलम. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. स्वयंपाक चौकातही नको, गाडीतून करून आणलेलं जेवण वाढा. दोनशे माणसांची पंगत तळमजल्यावर बसवा, आणि जिना कितीही रुंद दिसला तरी माडीचं दार त्या दिवशी कुलूपबंद ठेवा. वीजजोडणीवरचा मंजूर भार आधी पाहून घ्या. जुन्या वाड्यातल्या लाकडी पट्टीवरच्या तारांवर मांडवाचे हॅलोजन लावले की पहिला धूर छतातल्या किलचनांतून येतो.